कॅटस्किल माउंटन हाउस: कड्यावर हॉटेल बांधलं का, आणि शेवटी सरकारनेच जाळलं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "न्यूयॉर्क राज्यात कॅटस्किल डोंगरांत नॉर्थ-साउथ लेकला कॅम्पिंगला गेलो होतो. तिथे कड्यावर माहितीचा बोर्ड आहे, की इथे १८२४ मध्ये तेरा खांबांचं मोठं हॉटेल होतं आणि १९६३ मध्ये सरकारने ते जाळून टाकलं. त्या काळी धड रस्ता नसताना एवढ्या वर हॉटेल बांधायचं कोणाच्या डोक्यात आलं? अमेरिकेतलं पहिलं डोंगरावरचं हॉटेल हेच का? आणि जवळजवळ १४० वर्षं जुनी इमारत सरकार स्वतःच्या हाताने कशी जाळतं, वाचवता आली नसती का?"

मी जुन्या लाकडी इमारतींच्या जतनाचं काम करते, वीसेक वर्षं झाली, त्यातला बराच काळ हडसन नदीच्या खोऱ्यातच गेलाय. ही इमारत मी पाहिलेली नाही, माझ्या जन्माच्या आधीच ती गेली, पण तिच्या भावंडांवर काम केलंय आणि तिच्याबद्दल मनात एक हळहळ कायमची आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

तुमचे प्रश्न तीन दिसतात पण मुळात तो एकच आहे, की हे हॉटेल उभं कशाच्या जोरावर होतं आणि तो आधार कधी सुटला. जागेच्या जोरावर, असं पटकन वाटतं, पण जागा तर आजही तिथेच आहे, दृश्यही तेच आहे, तुम्ही स्वतः बघून आलात. माझं म्हणणं असं की ते वाटेच्या जोरावर उभं होतं. डोंगरावरच्या कुठल्याही जुन्या हॉटेलचं काम हातात आलं की मी आधी इमारतीचे नकाशे उघडत नाही. पाहुणा घरून निघाला की हॉटेलच्या पायरीपर्यंत कसा यायचा, किती वेळा उतरायचा-चढायचा, ट्रंका कोण उचलायचं, किती तास जायचे, हे आधी काढते. ते कळलं की खोल्या इतक्याच का, जेवणाचा हॉल एवढा मोठा का, व्हरांडा त्याच बाजूला का, ही उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात. माउंटन हाउसच्या बाबतीत तर सगळी गोष्टच वाटेची आहे.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. हडसन नदी उत्तरेकडून दक्षिणेला न्यूयॉर्क शहराकडे वाहते. शहरापासून साधारण ११० मैल वर, पश्चिम किनाऱ्यावर कॅटस्किल नावाचं गाव आहे. गावापासून डोंगराकडे बारा मैल गेलं की सपाटी संपते आणि समोर भिंत उभी राहते. ही भिंत खालच्या सपाटीपासून सुमारे १,६०० फूट उंच आहे आणि तिच्या कडेला वर एक सपाट दगडी पट्टा आहे, त्याला पाइन ऑर्चर्ड म्हणायचे. समुद्रसपाटीपासून उंची २,२०० फुटांच्या आसपास, म्हणजे शिखर वगैरे नाही, कॅटस्किलमध्ये याच्या जवळपास दुप्पट उंचीचे डोंगर आहेत. पण शिखरावरून चहूकडे डोंगरच डोंगर दिसतात, आणि इथून पायाखाली अख्खं खोरं दिसतं, मधे नदीची रेघ आणि पलीकडे मॅसॅच्युसेट्सचे डोंगर. हवा स्वच्छ असली की पाच राज्यं दिसतात असं पाहुण्यांना सांगायचे. सकाळी ढग खाली खोऱ्यात असतात आणि सूर्य त्यांच्यातून वर येतो.

आता कोणाच्या डोक्यात आलं ते. एखाद्या कवीच्या किंवा निसर्गवेड्याच्या नाही, कॅटस्किल गावच्या व्यापाऱ्यांच्या. त्यांनी १८२३ मध्ये कॅटस्किल माउंटन असोसिएशन नावाची कंपनी काढली, कड्यावर जमीन घेतली आणि १८२४ च्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलं. सुरुवातीला फक्त दहा खोल्या होत्या, पण इमारत वाढत गेली आणि शेवटी खोल्या तीनशेच्या वर गेल्या. व्यापाऱ्यांचा हिशोब मला कागद न बघताही कळतो, कारण असं गाव नदीवरच्या धक्क्यावर जगतं. बोटीतून उतरलेला माणूस गावातून गेला पाहिजे, गावात जेवला पाहिजे, गावचीच घोडागाडी त्याने घेतली पाहिजे. त्यासाठी त्याला डोंगराकडे ओढणारं काहीतरी वर हवं. हॉटेल हे त्या वाटेचं शेवटचं टोक होतं, आणि पैसा पूर्ण वाटेवर मिळणार होता.

आणि वेळ कसली अचूक साधली बघा. हडसनवर फुल्टनची वाफेची बोट १८०७ पासून चालू होती, पण न्यूयॉर्क राज्यात वाफेच्या बोटी चालवायचा मक्ता फुल्टन आणि लिव्हिंग्स्टन यांच्याकडे होता, दुसऱ्या कोणाला परवानगीशिवाय बोट घालता येत नव्हती. मार्च १८२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गिबन्स विरुद्ध ऑग्डन या खटल्यात हा मक्ता मोडून काढला. लगेच नदीवर बोटींची गर्दी झाली, चढाओढ लागली, भाडी उतरली. हॉटेल उघडलं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात! पुढच्या वर्षी, १८२५ ला, हडसनला पश्चिमेकडच्या मोठ्या सरोवरांशी जोडणारा ईरी कालवा पूर्ण झाला आणि हडसन म्हणजे देशाचा हमरस्ताच बनली. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बोटीतून वर कड्यावर पांढरं हॉटेल दिसायचं. इतकी चांगली जाहिरात विकत घेऊनही मिळाली नसती.

लोकांच्या मनात डोंगराबद्दल कुतूहल आधीच तयार होतं, हेही विसरू नका. वॉशिंग्टन अर्व्हिंगची रिप व्हॅन विंकलची गोष्ट १८१९ ला आली होती, वीस वर्षं झोपून राहिलेल्या माणसाची, आणि ती याच डोंगरात घडते. गंमत म्हणजे ती लिहिली तेव्हा अर्व्हिंग या डोंगरांवर कधी गेलाही नव्हता, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. पण लोकांना त्याचं काय. घोडागाडीच्या रस्त्यावर एका वळणाला 'इथेच रिप झोपला' म्हणून जागा दाखवायला सुरुवात झाली आणि तिथे थांबून घोड्यांना पाणी, माणसांना काहीतरी प्यायला, असा थांबाच तयार झाला. १८२३ ला जेम्स फेनिमोर कूपरच्या कादंबरीतल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने याच कड्यावरून दिसणाऱ्या दृश्याचं वर्णन केलं. मग १८२५ ला थॉमस कोल नावाचा चोवीस वर्षांचा चित्रकार बोटीने वर आला, इथली तळी आणि धबधबे रेखाटून घेऊन गेला आणि त्यावरून केलेली चित्रं न्यूयॉर्कमध्ये लावली. ट्रंबुल, डनलॅप आणि ड्युरँड या तीन नावाजलेल्या कलावंतांनी ती एकेक विकत घेतली. पुढे ज्याला हडसन रिव्हर स्कूल म्हणतात त्या चित्रपरंपरेची सुरुवात तिथून धरतात. त्यातल्या एका चित्रातलं वाळक्या झाडांचं तळं हॉटेलच्या पाठीमागच्या तळ्यांपैकी आहे, ज्याच्या काठी तुम्ही तंबू ठोकला असेल. म्हणजे हॉटेल आणि अमेरिकन निसर्गचित्रं ही जवळजवळ एकाच सुमाराला, एकाच वाटेने वर आली.

'पहिलं' या शब्दाबद्दल. याचं उत्तर तुम्ही काय मोजता त्यावर आहे. औषधी झऱ्यांच्या गावी मोठी हॉटेलं याआधीच होती, न्यूयॉर्क राज्यातच बॉलस्टन स्पाला सान सुसी हॉटेल १८०३ चं. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्समध्ये क्रॉफर्ड कुटुंबाने वॉशिंग्टन शिखरावर जायची पायवाट १८१९ ला काढली आणि वाटसरूंना घरात ठेवूनही घ्यायचे. पण झऱ्याकाठच्या हॉटेलात लोक पाणी प्यायला जायचे आणि क्रॉफर्डकडे वाटेतल्या मुक्कामाला उतरायचे. नुसतं डोंगरावर राहायचं, व्हरांड्यात बसून खाली बघायचं, आठवडेच्या आठवडे, दुसरं काही कारण नाही, अशा कामासाठी मुद्दाम बांधलेलं मोठं हॉटेल म्हणाल तर मी माउंटन हाउसलाच पहिलं मानते, आणि या विषयात काम करणारे बहुतेक लोक तेच मानतात.

आता वाटेकडे परत येते. रात्री किंवा पहाटे शहरातून बोट, कॅटस्किलच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून स्टेजकोच, म्हणजे प्रवासी घोडागाडी. बारा मैलांना चारएक तास लागायचे, शेवटचा चढ इतका उभा की धडधाकट पुरुषांना खाली उतरून चालायला लावायचे, घोडे नाहीतर खेचायचे नाहीत. झाडीतून, वळणावळणाने, काहीही न दिसता वर यायचं, आणि शेवटी हॉटेलच्या आवारात शिरायचं. आणि इथे एक गोष्ट माझ्या कामाच्या नजरेतून फार सुंदर आहे, रस्ता हॉटेलच्या पाठीमागून यायचा. कडा पलीकडच्या बाजूला. म्हणजे दमूनभागून आलेला माणूस आत शिरायचा, इमारतीतून आरपार जायचा आणि व्हरांड्यात आला की एकदम पायाखाली जमीनच नाही, सगळं खोरं. इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो १८३५ च्या सुमाराला इथे राहिली होती, तिने लिहून ठेवलंय की अमेरिकेत जे जे पाहिलं त्यातलं बाकी काहीही हुकलं असतं तरी चाललं असतं, नायगारासुद्धा, पण हे नाही. मला नेहमी वाटतं की तिच्या त्या वाक्यात चार तासांच्या त्या चढाचाही वाटा आहे. तुम्ही गाडीतून आलात, पार्किंगपासून पंधरा मिनिटं चाललात, आणि कड्यावर उभे राहिलात, तुम्हाला छान वाटलं असेल, पण तिला जे झालं ते तुम्हाला होणं अवघड आहे, आणि यात तुमचा काही दोष नाही.

ही वाट ज्याच्या हातात, हॉटेल त्याच्या हातात. आणि झालंही तसंच. स्टेजकोचचा धंदा इरॅस्टस बीच नावाच्या माणसाचा होता. त्याचा मुलगा चार्ल्स एल. बीच याने १८३९ ला हॉटेल चालवायला घेतलं आणि काही वर्षांत विकतच घेतलं. बघा, हॉटेलवाला गाड्या ठेवत नाही, गाड्यावाला हॉटेल घेतो. १८४५-४६ च्या आसपास त्याने दर्शनी भाग नव्याने केला आणि ते प्रसिद्ध तेरा खांब उभे राहिले, कोरिंथियन पद्धतीचे, वर कोरीव पानांची शीर्षं. तेरा म्हणजे अमेरिकेच्या मूळ तेरा वसाहती असं लोक सांगतात. माझा अनुभव असा की खांबांची संख्या आधी इमारतीच्या लांबीवरून ठरते आणि अर्थ नंतर चिकटतो, पण अर्थ चिकटला की तोही इमारतीचा भागच होतो. बीच ९४ वर्षांचा होऊन १९०२ ला वारला, म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ एकच माणूस. या धंद्यात हे फार म्हणजे फार दुर्मीळ आहे.

मग बिघडलं कुठे? १८८१ मध्ये. शेजारच्या डोंगरावर जॉर्ज हार्डिंग नावाच्या फिलाडेल्फियाच्या पेटंट वकिलाने हॉटेल काटर्सकिल बांधलं, माउंटन हाउसपेक्षा बरंच मोठं. याची एक दंतकथा आहे ती ऐकलीच पाहिजे: हार्डिंगच्या मुलीला पथ्यामुळे ठरलेलं जेवण चालत नव्हतं, त्याने तिच्यासाठी चिकन मागितलं, वेटर नाही म्हणाला, बीचकडे गेला तर बीच म्हणाला, हवं तर स्वतःचं हॉटेल बांधा. आणि त्याने बांधलं. खरं-खोटं सोडून द्या, भांडण कदाचित झालंही असेल. पण मी रेल्वेचे नकाशे समोर ठेवते तेव्हा मला चिकनपेक्षा रूळ जास्त महत्त्वाचे वाटतात. अल्स्टर अँड डेलावेअर रेल्वेच्या बाजूने डोंगराच्या पाठीमागून, पश्चिमेकडून, १८८२-८३ मध्ये फाटे वर चढत आले आणि थेट तळ्यांच्या जवळ स्टेशन झालं. म्हणजे पाहुणा शहराकडून गाडीत बसला की पार डोंगरावर पोचायला लागला. नदी नको, धक्का नको, कॅटस्किल गाव नको, बीचची घोडागाडी तर नकोच नको. जी वाट बीचच्या खिशात होती तिला वळसा घालून लोक मागच्या दाराने येऊ लागले.

बीच गप्प बसणारा नव्हता. १८८२ ला धक्क्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत कॅटस्किल माउंटन रेल्वे ही छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. पण पायथ्यापासून वर पुन्हा घोडेच, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक निसटायचं. शेवटी १८९२ ला कड्याच्या अंगावर सरळ रेषेत ओटिस एलेव्हेटिंग रेल्वे बांधली, लिफ्टवाल्या ओटिस कंपनीनेच. साधारण सात हजार फूट लांब, सोळाशे फूट चढ, दोन डबे एकाच केबलला, एक वर येताना दुसरा खाली जाणार, वर वाफेचं इंजिन. घोड्यांचा तो सगळा चढ दहा मिनिटांत. इंजिनियरिंग म्हणून मला ती अतिशय आवडते. पण तिने हॉटेलचं काय केलं तेही बघायला हवं, दहा मिनिटांत वर येणारा माणूस संध्याकाळी दहा मिनिटांत खाली जाऊ शकतो. त्याला सहा आठवड्यांच्या मुक्कामाची गरजच उरत नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. वेगवेगळ्या जुन्या हॉटेलांची पाहुण्यांची रजिस्टरं मी तासन्‌तास वाचलीयेत, नाव, गाव, खोली, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. सुरुवातीच्या वह्यांत एकेक कुटुंब जूनच्या शेवटी येतं, सोबत आजी, मुलं, मुलांना सांभाळणारी बाई, आणि सप्टेंबरमध्ये जातं, अक्षर तेच, दरवर्षी तीच खोली. तीस-चाळीस वर्षांनी त्याच हॉटेलच्या वहीत पान भरलेलं दिसतं, नावं आधीपेक्षा जास्त दिसतात, मालकाला वाटतं धंदा वाढला, पण गेल्याची तारीख बघा, तीन दिवस, दोन दिवस. चादरी जास्त धुवायच्या, जेवणं कमी, आणि पुढच्या वर्षी तो माणूस येईलच याचा भरवसा नाही. मोठ्या लाकडी हॉटेलचा खर्च या हिशोबात बसत नाही. उतरणीची पहिली खूण मला छताच्या गळतीत नाही, या तारखांच्या रकान्यात दिसते.

पुढचं भराभर सांगते. १९१८ ला ओटिसची रेल्वे आणि खालची छोटी रेल्वे दोन्ही बंद पडल्या. मोटारी आल्या, मोटारवाल्याला एका कड्यावर बसून राहायचं नव्हतं. हॉटेल काटर्सकिल १९२४ ला जळून खाक झालं. १९३० च्या आसपास माउंटन हाउसभोवतीची बरीच जमीन राज्याने घेतली आणि तळ्याकाठी कॅम्पिंग सुरू झालं, म्हणजे तेच दृश्य आता तंबूतही मिळायला लागलं. शेवटच्या वर्षांत एका ज्यू कुटुंबाने ज्यू पाहुण्यांसाठी हॉटेल चालवलं, आणि ज्या डोंगरांतल्या किती तरी हॉटेलांनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं तिथे त्या खांबांखाली त्यांच्या घरची मुलं खेळली, ही गोष्ट मला सांगावीशी वाटते कारण इतिहास लिहिताना हॉटेल 'पडतीला लागलं' एवढं एकच वाक्य टाकून ही वर्षं उडवून देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत शेवटचा हंगाम झाला आणि दारं बंद झाली ती कायमचीच.

आता तुमचा शेवटचा आणि मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त खुपलेला प्रश्न. सरकारने का जाळलं?

नोव्हेंबर १९५० मध्ये मोठं वादळ झालं आणि त्यात खांबांची रांग मोडली. १९६२ मध्ये इमारतीसकट जागा राज्याकडे आली. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत १८९४ पासून एक कलम आहे, राज्याची ही राखीव वनजमीन कायम रानच राहिली पाहिजे, ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, झाड तोडायचं नाही. हे कलम फार मोलाचं आहे, त्याच्यामुळेच आज तुम्हाला तिथे जंगल दिसतं, नाहीतर कातडी कमावणाऱ्या कारखान्यांनी सालींसाठी हेमलॉकची झाडं कशी सपाट केली होती ते वाचा एकदा. पण त्याच कलमाच्या चौकटीत तीनशे खोल्यांचं मोडकं हॉटेल बसत नव्हतं. राज्याला ते चालवता येईना, भाड्याने देता येईना, आणि आत शिरणाऱ्या पोरासोरांच्या अंगावर छत पडलं तर जबाबदारी राज्याची. २५ जानेवारी १९६३ ला पहाटे वनखात्याच्या लोकांनी आग लावली, बर्फ होतं म्हणजे वणवा पसरणार नाही, म्हणून जानेवारी. खालच्या खोऱ्यातून जिथून १८२४ पासून ते पांढरं हॉटेल दिसायचं तिथूनच लोकांनी ज्वाळा बघितल्या.

तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्यात अर्धं उत्तर आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क शहरात पेन स्टेशन हे जुनं भव्य रेल्वे स्टेशन पाडायला सुरुवात झाली, त्यावरून लोक खवळले, १९६५ ला शहराचा वारसा इमारतींचा कायदा आला आणि १९६६ ला देशाचा. माउंटन हाउस याच्या जरा आधी गेलं. आज अशी इमारत पाडायची म्हटलं तर सुनावण्या होतील, पाहणी होईल, निदान एकेक खोली मोजून, फोटो काढून, नकाशे करून ठेवतील. त्या वेळी यातलं काही बंधनकारक नव्हतं.

वाचवता आलं असतं का? हे तुम्ही कोणत्या साली विचारता त्यावर आहे, आणि इथे मी उगाच भावनेच्या भरात बोलणार नाही. १९६२ ला विचाराल तर माझं उत्तर बहुधा नाही असं आहे. लाकडी इमारत, कड्यावर, वीस हिवाळे बिनशेकोटीची, छत उघडं. काय होतं ते मी हाताने तपासलंय. एका जुन्या हॉटेलच्या व्हरांड्याचे खांब बघायला मला बोलावलं होतं, मालक म्हणाले खांब चांगले आहेत, नुसता रंग काढायचाय. रंग खरंच ठणठणीत दिसत होता. त्या काळचे असे मोठे खांब बहुतेक अखंड नसतात, लाकडाच्या उभ्या पट्ट्या पिंपासारख्या जोडून केलेले असतात, आत पोकळ. वर शीर्षापाशी एक फट होती, बोट जाईल एवढी. पाणी तिथून आत जायचं आणि पोकळीतून सरळ तळाशी उतरायचं, बाहेरून काही दिसायचं नाही. मी तळाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबलाही नाही जोरात, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं, हातात घेतलं तर पाणी गळत होतं. तेही छत शाबूत असलेल्या, माणसं राहत असलेल्या इमारतीत! मग वीस वर्षं उघड्यावर पडलेल्या तीनशे खोल्यांची काय अवस्था असेल ते मला कोणी सांगायला नको. दुरुस्ती म्हणजे नवीन बांधणंच झालं असतं.

पण १९४५ ला विचाराल तर कदाचित हो. सगळं नाही, मधला जुना भाग आणि खांब तेवढे ठेवायचे, बाजूंना वाढवलेले बाकीचे भाग उतरवायचे, छत झाकून ठेवायचं. आणि १९०२ ला, म्हणजे बीच गेला तेव्हा विचाराल तर नक्कीच हो, पण मग धंद्याची पद्धत बदलावी लागली असती. याचा पुरावा थोडं दक्षिणेला उभा आहे. मोहोंक माउंटन हाउस, शॉवनगंक डोंगरात, स्मायली भावांनी १८६९ ला जागा घेतली, आणि आजही चालू आहे, त्याच कुटुंबाकडे आहे. लोक म्हणतात त्यांचं नशीब चांगलं. मला तसं वाटत नाही. त्यांनी इमारतीचे बरेच भाग दगडाचे बांधले, हॉटेल बारमाही केलं म्हणजे हिवाळ्यात आत ऊब आणि माणसांचा वावर राहिला, भोवतालची प्रचंड जमीन स्वतःच्या ताब्यात ठेवली, आणि मोटारींना कितीतरी वर्षं आवारात येऊच दिलं नाही, पाहुण्याला घोडागाडीनेच वर आणायचे. म्हणजे वाट हातातून जाऊ दिली नाही. माउंटन हाउस हे जून ते सप्टेंबरचं, पातळ भिंतींचं उन्हाळी घर होतं, त्याने आपली वाट आधी रेल्वेला आणि मग मोटारीला दिली.

म्हणून कोणी मला विचारलं की हॉटेल सरकारने मारलं का, तर मी म्हणते सरकारने दहन केलं. मरण आधीच झालं होतं. तरीसुद्धा मोजमाप न करता जाळलं याचं मला आजही वाईट वाटतं, ते करणं त्यांच्या हातात होतं. दोन सर्व्हेअर आणि एक फोटोग्राफर, एक महिना, एवढ्यात काम झालं असतं.

तुम्ही पुन्हा जाणार असाल तर तीन गोष्टी करा. एक, जाण्याआधी थॉमस कोलचं १८४४ चं दोन तळी आणि माउंटन हाउसचं चित्र बघून घ्या, ते ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे आणि नेटवर सहज मिळतं. त्यात हॉटेल दूरवर पांढऱ्या ठिपक्याएवढं आहे. मग एस्कार्पमेंट ट्रेल या कड्याकडेच्या पायवाटेने उत्तरेला सनसेट रॉककडे चढून जा आणि मागे वळून बघा, दोन तळ्यांच्या जागी आता एकच पाणी दिसेल, मधला बांध काढलाय, ठिपका नाही, बाकी सगळं जवळपास तसंच.

दुसरं, अंगात दम असेल तर एकदा तरी गाडी खाली ठेवा आणि जुन्या स्टेजकोचच्या रस्त्याने चालत वर या. तो आता स्लीपी हॉलो हॉर्स ट्रेल म्हणून आहे, बराचसा रस्ता जुन्या वाटेवरूनच जातो. चढताना काहीच दिसत नाही, कंटाळा येतो, तो येऊ द्या.

तिसरं, हॉटेलच्या समोरच्या दगडी पट्ट्यावर पाहुण्यांनी नावं कोरलेली आहेत, एकोणिसाव्या शतकातली. आजच्यासारखी खरडलेली नाहीत, छिन्नीने नीट टोकदार अक्षरं काढलेली, आडनाव, गाव, साल. बहुतेक लोक दुपारी जातात आणि त्यांच्यावरून चालत जातात, कारण ऊन डोक्यावर असलं की खाचेत सावली पडत नाही आणि दगड नुसता सपाट दिसतो. कडा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्योदयाच्या आधी जाऊन बसा, हॉटेलच्या पाहुण्यांनाही त्याच वेळेला उठवायचे. ऊन आडवं आलं की पहिली वीसेक मिनिटं प्रत्येक अक्षरात सावली भरते आणि नावं दगडातून वर येतात. बुटांनी झिजलीयेत, म्हणून वाकून, बाजूने बघा, आणि वर पाय ठेवू नका.